माझ्या जबड्यातली रोवणी

डॉक्टरांनी हिरव्या कापडावर ठेवलेली काचेची इवलीशी बाटली पाहिली आणि बधिर झालेल्या जिभेनेच मी म्हणाले, "ही तर कणी आहे!"

खरंच कणी. आमच्या गोंदियात राईस मिलच्या चाळणीखाली पडते ना, अगदी तशी. पांढरट, कोरडी, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. सगळी मिळून चहाचा पाव चमचासुद्धा भरला नसता. माझ्या खालच्या उजव्या जबड्यातली एक दाढ आठ वर्षांपूर्वी गेली. तिच्या जागी दंतरोपण करायचं होतं, पण रोपणाचा स्क्रू धरून ठेवील इतकं हाडच तिथे उरलं नव्हतं. म्हणून आधी ही कणी घालायची, हाड तयार होऊ द्यायचं, आणि मग रोपण. हे जूनमध्ये झालं. आज डिसेंबर उजाडलाय आणि मधल्या सहा महिन्यांत मी दुसऱ्या कशाबद्दल धड बोललेले नाही. शाळेतल्या सगळ्या मॅडमना सांगून झालं, गोंदिया-नागपूर गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना सांगून झालं. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी मराठी शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. हाड म्हणजे माझ्या लेखी घराच्या सळईसारखी गोष्ट होती: एकदा उभी केली की उभी, तुटली की तुटली. त्यामुळे डॉक्टर "हाड भरू" म्हणाले तेव्हा डोळ्यांपुढे गवंडी आला. खड्डा आहे, सिमेंट भरतील, वाळेल, झालं. त्या दिवशी खुर्चीवर पडल्या पडल्या मी जे ऐकलं, आणि नंतर झपाटल्यासारखं जे वाचत सुटले, त्याने हे चित्र मुळापासून उखडून टाकलं. त्या खड्ड्यात कोणी काही भरत नाही हो! तिथे दाणे ठेवतात, आणि माझं शरीर ते दाणे हळूहळू खातं, आणि खाता खाता त्यांच्या जागी माझं स्वतःचं हाड बांधतं. डॉक्टर फक्त धानाची बांधी तयार करून देतात. पीक शरीर घेतं.

आधी हाड गेलं कसं, ते. दाढ काढली तेव्हा मला वाटलं होतं, एक दाढ गेली. दाढेभोवतीचं हाडही मागोमाग निघून जातं, हे तेव्हा माझ्या कानावर आलं नव्हतं. जबड्याच्या त्या भागातलं हाड दातासाठीच असतं. चावताना दातावर भार येतो, तो हाडाला पोचतो, आणि त्या भारावर हाड जगतं. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडलेला नियमच आहे की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं. भार नाही तर हाड नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2003 साली मोजून दाखवलं की दाढ काढल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते, आणि त्यातला दोन तृतीयांश ऱ्हास पहिल्या तीन महिन्यांतच होतो. तीन महिने! धानाचं एक हलकं वाण निघायला लागतात तेवढे. मी तर आठ वर्षं काढली होती. स्कॅनवर माझा जबडा त्या जागी सुरीच्या पात्यासारखा बारीक दिसत होता.

मग डॉक्टरांनी समोर बसवून पर्याय सांगितले. स्वतःचं हाड घेता येतं, हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागून. दुसऱ्या माणसाने दान केलेलं, प्रक्रिया केलेलं हाड मिळतं. गाईबैलांच्या हाडातला सगळा सेंद्रिय भाग काढून उरलेला खनिजाचा सांगाडा मिळतो, जगभर खूप वापरतात. आणि कारखान्यात बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे. "प्राण्याचं चालेल का, हे मी प्रत्येकाला आधी विचारतो," ते म्हणाले. "कोणाला श्रद्धेमुळे नको असतं. न सांगता वापरणं मला पटत नाही." हा प्रश्न त्यांनी सही घेताना घाईत उरकला नाही, याचं मला फार बरं वाटलं. आम्ही ठरवलं ते मिश्रण: थोडं माझ्याच जबड्यातून खरवडलेलं हाड, थोडं दान केलेलं, थोडे कृत्रिम दाणे.

तीन प्रकार कशाला, एक का पुरत नाही? मी विचारलं आणि त्यांनी जे सांगितलं तिथून माझं वेड सुरू झालं. माझ्या हाडाच्या खरवडीत जिवंत पेशी आहेत, त्या स्वतः हाड बनवू शकतात. म्हणजे ते धानाचे पऱ्हे, कोवळी रोपंच झाली, मुळासकट. कृत्रिम दाण्यांत जीव नाही, पण त्यांच्या खडबडीत, सच्छिद्र अंगावर पेशींना चढता येतं. कारल्याच्या वेलाला मांडव असतो तसे ते. आणि दान केलेलं हाड? त्यात निरोप असतो.

निरोप! हा शब्द डॉक्टरांनी अगदी सहज वापरला आणि मी खुर्चीत उठून बसले.

त्याची गोष्ट अशी. लॉस एंजेलिसमध्ये मार्शल युरिस्ट नावाचे अस्थितज्ज्ञ होते. त्यांनी हाडातलं सगळं कॅल्शियम सौम्य आम्लाने धुऊन काढलं. उरला तो मऊ, रबरासारखा भाग. तो त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. स्नायूत, म्हणजे जिथे हाडाचा काही संबंध नाही अशा मांसात. आणि तिथे नवीन हाड तयार झालं! 1965 साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी हे छापलं. त्या मऊ भागात काहीतरी असं होतं जे आजूबाजूच्या साध्या पेशींना सांगत होतं, तुम्ही हाड व्हा. पुढे या प्रथिनांना हाड घडवणारी प्रथिनं असं नाव पडलं, डॉक्टरांच्या भाषेत बीएमपी. आपल्या प्रत्येकाच्या हाडात ती कॅल्शियमच्या आत कोंडलेली असतात. आम्लाने कॅल्शियम काढलं की ती उघडी पडतात. मला मिळणार होतं ते दान केलेलं हाड असंच कॅल्शियम काढून, गोठवून वाळवलेलं असतं. माणूस कोण होता माहीत नाही, पण त्याच्या हाडातला निरोप माझ्या पेशींना वाचता येणार होता. एका माणसाच्या शरीराचं पत्र दुसऱ्याच्या शरीराला कळतं, मध्ये भाषांतर लागत नाही. मराठीच्या शिक्षिकेला यावर झोप कशी लागावी?

त्या हाडाच्या पाकिटावर मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेचं नाव होतं. परळच्या या कॅन्सर रुग्णालयाने 1988 साली ही बँक सुरू केली. शस्त्रक्रियेत काढावं लागलेलं हाड रुग्णाच्या संमतीने इथे दान म्हणून घेतलं जातं, तपासलं जातं, स्वच्छ करून, गोठवून वाळवलं जातं आणि शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. बाळंतपणानंतर टाकून दिली जाते त्या वारेचं पातळ आवरणसुद्धा तिथे असंच जपून वाळवतात, भाजलेल्या जखमांवर ठेवण्यासाठी. आमच्या गावाकडे वार पुरतात. ती कोणाच्या भाजलेल्या हाताची कातडी सावरू शकते, हे मला आत्ता पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं!

मग माझा पुढचा प्रश्न, जो तुमच्याही मनात असेल. परक्याचं हाड माझं शरीर फेकून कसं देत नाही? मूत्रपिंड बसवलं तर जन्मभर औषधं घ्यावी लागतात ना? डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड जिवंत असतं, त्याच्या प्रत्येक पेशीवर मालकाची ओळख लिहिलेली असते. या दाण्यांत एकही जिवंत पेशी नाही. उरलंय ते मुख्यतः कोलॅजन, आणि ते माणसामाणसांत जवळजवळ सारखंच. शरीराला भांडायला समोर कोणी नसतं. तरी शरीर त्याच्याकडे दुर्लक्ष करतं असं अजिबात नाही. उलट पहिल्या मिनिटापासून ते त्याची झाडाझडती घेतं, आणि ही झाडाझडती म्हणजेच तर सगळा सोहळा आहे.

आधी शस्त्रक्रिया थोडक्यात सांगते. हिरडी बाजूला केली. माझ्या दंडातून दहा-दहा मिलिलिटर रक्ताच्या नळ्या भरल्या आणि लगेच फिरवायला ठेवल्या, मिनिटाला 2700 फेऱ्या, 12 मिनिटं. बाहेर आल्या तेव्हा तळाशी लाल, वर पाण्यासारखं पिवळं, आणि मध्ये पिवळसर, थरथरणारा, सायीसारखा गोळा. हे फायब्रिन. जखमेवर खपली धरते ते जाळं, त्यात प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी 2001 साली ही पद्धत मांडली, आणि तिचं सौंदर्य हे की नळीत कुठलंच रसायन घालत नाहीत. नुसतं माझं रक्त. त्या सायीत दाणे कालवले की चिकट भातासारखा गोळा होतो आणि जागचा हलत नाही.

एका गोष्टीने मात्र मी चक्रावले. दाणे ठेवण्याआधी डॉक्टरांनी जबड्याच्या हाडाला मुद्दाम बारीक बारीक भोकं पाडली. चांगल्या हाडाला भोकं? "रक्त यायला हवं," ते म्हणाले. "आतल्या मगजातून. कोरड्या हाडावर काही रुजत नाही." मी डोळे मिटले आणि मला आमची बांधी दिसली. मृगाच्या पावसानंतर बाबा बांधीत पाणी साठवून चिखलणी करतात. घट्ट, सपाट दिसणारी जमीन फोडून, ढवळून, गढूळ करून टाकतात. शहरातल्या पाहुण्याला वाटतं नासधूस चालली आहे. पण चिखल झाल्याशिवाय रोवणी होत नाही.

वरून कोलॅजनचा पातळ पडदा अंथरला आणि टाके घातले. हा पडदा कशाला? हिरडीचं मांस फार भराभर वाढतं आणि हाड सावकाश. मोकळी जागा दिसली की हिरडी धावत येऊन बसते, आणि एकदा ती बसली की हाडाला जागा उरत नाही. गोथेनबर्गच्या संशोधकांनी 1988 साली उंदरांच्या जबड्यात पडदा लावून दाखवलं की हिरडीला नुसतं अडवून ठेवलं तरी हाड आपली जागा आपण भरून काढतं. किती साधी गोष्ट! हा तर धुरा, शेताचा बांध झाला. आमच्या जिल्ह्यात कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले, ते काय केलं त्यांनी? पाणी आणलं नाही, पाणी येणारच होतं. त्यांनी पाळ घातली.

आता पुढचं, जे मला सगळ्यात जास्त आवडतं. जे चालू होतं तेव्हा मला दिसत नव्हतं आणि जे मी नंतर दिवस मोजत मोजत वाचलं.

पहिल्या काही तासांत रक्ताची गुठळी झाली. दाण्यांच्या फटीफटीत फायब्रिनचं जाळं पसरलं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सर्वांत आधी धावून आल्या आणि जंतू टिपू लागल्या. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी आल्या. माझा गाल तेव्हा टम्म सुजला होता आणि मी घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाले, ताप नाही ना, पू नाही ना, मग बर्फ लावा आणि आराम करा, काम सुरू आहे. काम सुरू आहे! सुजेबद्दल इतकं सुंदर मी कधी ऐकलं नव्हतं. मॅक्रोफेज प्रत्येक दाण्यापाशी जाऊन जणू त्याला हात लावून बघतात: तू कोण, पृष्ठभाग कसा, कशाचा बनलास? तो अगदीच परका वाटला तर शरीर त्याच्याभोवती जाड तंतूंची भिंत घालतं आणि त्याला कायमचं कोंडून टाकतं. पटला तर त्याच मॅक्रोफेज आपली भूमिका बदलतात. भांडणाऱ्या होत्या त्या बांधणाऱ्या होतात, आणि नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणं धाडतात.

मग केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्या जुन्या हाडाच्या त्या भोकांतून वर चढतात, दाण्यांमधून वाट काढत. सगळं यांच्या पावलांवर अवलंबून असतं. रक्त पोचलं तिथे हाड, नाही पोचलं तिथे नाही. म्हणूनच डॉक्टरांचा सर्वांत पहिला प्रश्न होता, "मॅडम, खर्रा? गुडाखू?" मी तंबाखूचे हे दोन्ही प्रकार घेत नाही. पण माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलांच्या खिशात खर्ऱ्याच्या पन्न्या सापडतात, आणि गुडाखूने दात घासणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहत आले आहे. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. ज्या वाटेने हाड यायचं ती वाटच आवळली जाते. मी आता मुलांना फुप्फुसाचे भयंकर फोटो दाखवत नाही. फळ्यावर हे हाडाचं चित्र काढते, त्यात लाल खडूने रक्तवाहिन्या काढते, आणि त्यांच्यासमोर त्या एकेक करून पुसते. वर्ग गप्प होतो.

जुलैत टाके निघाले होते, तेव्हा मी रोवणीला बाबांकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेले. पावसात बाया ओळीने वाकून पऱ्हे लावत होत्या. रोवलेले पऱ्हे आठवडाभर पिवळे, मान टाकलेले दिसतात. नवखा माणूस म्हणेल, मेले. बाबा म्हणतात, "थांब, मुळी धरू दे." मी बांधावर उभी राहून हिशेब केला, चौथा-पाचवा आठवडा. माझ्या जबड्यात आता विणलेलं हाड तयार होत असेल. हो, त्याला विणलेलं हाडच म्हणतात, कारण त्यातले कोलॅजनचे धागे आडवेतिडवे, घाईघाईत घातलेले असतात. ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी आधी मऊ धाग्यांचा थर घालतात, तो साधारण दहा दिवस तसाच ठेवतात आणि मग त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसू लागतात. काही ऑस्टिओब्लास्ट आपणच बांधलेल्या भिंतीत अडकतात आणि आतच राहून जातात. त्या मरत नाहीत. आपल्या बारीक हातांनी शेजारणींचे हात धरून ठेवतात आणि पुढे आयुष्यभर हाडावर किती भार आला याची खबर देत राहतात. वोल्फ यांचा नियम पाळणाऱ्या त्या याच!

आणि खाणाऱ्या? ऑस्टिओक्लास्ट. मॅक्रोफेजच्याच घराण्यातल्या पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी, अनेक केंद्रकांची पेशी होते. ती दाण्यावर बसते, कडा घट्ट चिकटवते आणि आत आम्ल सोडते. खनिज विरघळतं. मग प्रथिनं पचवणारं विकर सोडते, धागे विरघळतात. ती उठून पुढे जाते तेव्हा मागे एक उथळ खळगी उरते. त्या खळगीत ऑस्टिओब्लास्ट येतात आणि नवं हाड घालतात. पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. हाड खाल्लं जाताना त्याच्यात कोंडलेली ती निरोपाची प्रथिनं मोकळी होतात आणि बांधणाऱ्यांना बोलावतात. म्हणजे मोडण्याच्या कामातूनच बांधण्याचं आवतण जातं! हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी माझ्या नवऱ्याला उठवून सांगितलं.

ही सरकती अदलाबदल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अभ्यासकांना ठाऊक आहे. पक्कं, पापुद्र्यापापुद्र्याचं हाड दिवसाला साधारण एक मायक्रॉन चढतं. आपल्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरा. म्हणजे केसाएवढं जाड हाड घालायला दोन महिन्यांच्या वर. एवढं सावकाश काम माझ्या आत चाललं होतं आणि मी वर हजेरी घेत होते, पोषण आहाराची नोंद भरत होते. वेगवेगळे दाणे वेगवेगळ्या गतीने खाल्ले जातात. कृत्रिमांतला ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत ते दीड वर्षात जातो, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट फार हट्टी, गुरांच्या हाडाचं खनिज तर वर्षानुवर्षं टिकतं आणि नवं हाड त्याला पोटात घेऊन वाढतं. लवकर विरघळलं तर चांगलं असं मला वाटायचं. पण नाही, फार लवकर गेलं तर मांडवच कोसळतो.

डच शल्यवैद्य योब व्हान मेकेरेन यांनी 1668 साली नोंदलेली एक हकीकत मला इथे सांगायलाच हवी. एका रशियन सैनिकाच्या कवटीला पडलेलं भगदाड कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने बुजवलं होतं. असं सांगतात की चर्चने त्याला बहिष्कृत केलं, म्हणून तो सैनिक तो तुकडा काढून घ्यायला आला. पण तो एव्हाना इतका घट्ट बसला होता की काढता येईना. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं शरीरसुद्धा हेच करत होतं, फक्त कोणाला कारण ठाऊक नव्हतं.

आणि आता माझा सर्वांत लाडका शोध. त्यासाठी मी वाचता वाचता आपल्या घरीच येऊन पोचले. 1967 साली लॅरी हेंच नावाचे अमेरिकन काचतज्ज्ञ बसने एका परिषदेला चालले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला कर्नल बसला होता. त्याने विचारलं, शरीर ज्याला झिडकारणार नाही असा पदार्थ तुम्ही लोक करू शकाल का? तिथे सैनिकांचे हातपाय कापावे लागत होते. हेंच यांनी 1969 साली काच बनवली. सिलिका, सोडियम, कॅल्शियम, फॉस्फरस. उंदराच्या हाडात ठेवलेली ती काच हाडाला अशी चिकटली की ओढून निघेना. शरीरातल्या पाण्याशी भेट झाली की त्या काचेच्या अंगावर सिलिकाचा मऊ थर येतो, त्यावर हाडातल्यासारखंच खनिज बसतं, आणि शरीर त्याला आपलं मानतं. आज दंतवैद्यकातही ही काच दाण्यांच्या रूपात वापरतात. आता ऐका. 2010 साली राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अशीच जैवकाच बनवली, आणि तिच्यासाठी सिलिका घेतली कुठून? तांदळाच्या तुसाच्या राखेतून!

तूस! आमच्या गोंदियाच्या प्रत्येक मिलमागे ज्याचे डोंगर असतात, जे बॉयलरमध्ये जळतं, ज्याची राख वाऱ्याने वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते, आणि माझी आई भांडी घासायला घेते. त्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते. धानाच्या रोपाने आमच्या चिखलातून शोषून तुसात साठवलेली. मी त्या दिवशी मिलच्या भिंतीशी जाऊन मूठभर राख हातात घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. यातून माणसाचं हाड धरणारी काच होऊ शकते. माझ्या जबड्यात ती नाही, दुकानात असं तुसाचं पाकीट मिळतं असंही मी म्हणत नाही. पण होऊ शकते, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. या जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीने पुढे जाऊन हेच काम करावं असं मला मनापासून वाटतं, आणि मी आठवीच्या वर्गात तसं सांगितलंही.

दोन महिन्यांनी एक्स-रे काढला तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. खड्डा जवळजवळ रिकामा! कृत्रिम दाण्यांचे काही पांढरे ठिपके, बाकी काळोख. डॉक्टर हसले. बँकेच्या हाडातलं कॅल्शियम काढलेलं असतं, ते एक्स-रेला दिसतच नाही. दिसेल ते तुमचं नवं हाड, त्यात कॅल्शियम बसेल तेव्हा. नोव्हेंबरमध्ये पुन्हा काढला. ठिपक्यांच्या मधे धुकं होतं. नवेगावबांधच्या तलावावर पहाटे उतरतं तसं पांढरं, एकसंध धुकं, आणि त्यात बारीक रेघांची जाळी.

रोपणाच्या दिवशी मी आधीच विनंती करून ठेवली होती, की भोक पाडताना निघणारं हाड मला दाखवा. डॉक्टरांनी नेहमीच्या ड्रिलऐवजी सुरुवातीला पोकळ नळीसारखं गोल पातं घेतलं. वरून सलाइनची गार धार सुरू होती, कारण हाड मिनिटभर 47 अंश सेल्सिअसपर्यंत जरी तापलं तरी त्याला इजा होते. माझी नजर छतावर आणि कान त्या आवाजावर. मग ते म्हणाले, "बघा मॅडम." जाळीच्या कापडावर पेन्सिलीच्या शिशाएवढी एक कांडी होती. लालसर, ओली, घट्ट. रक्त येत होतं तिच्यातून! जूनमध्ये जिथे काहीच नव्हतं तिथलं हे हाड, माझं, सहा महिन्यांपेक्षा कमी वयाचं, आणि त्याला रक्त येत होतं. नीट पाहिलं तर त्यात दोन-तीन पांढरे ठिपके रुतलेले होते. न खाल्लेली कणी.

मग टायटॅनियमचा स्क्रू बसवला. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रॅनेमार्क यांना 1952 साली सशांच्या हाडात ठेवलेले टायटॅनियमचे कप्पे काढता येईनात, हाड त्यांना बिलगून बसलं होतं. त्यातून हे सगळं उभं राहिलं. 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात रोपण केलं आणि तो माणूस 2006 साली गेला तेव्हाही ते कामात होतं. हे मी आता पाठ म्हणून दाखवू शकते. पान्याचा टक् आवाज आला आणि डॉक्टर सहायक मुलीला म्हणाले, "पस्तीस, लिही." म्हणजे पस्तीस न्यूटन-सेंटिमीटरच्या जोराला हाडाने धरून ठेवलं. मला रडू आलं.

त्या संध्याकाळी मी गावी गेले. नवा धान घरात आला होता. मला दोन दिवस मऊच खायचं होतं, म्हणून आईने नव्या तांदळाची पेज केली. बाबांनी मोबाइलवर त्या कांडीचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"हे सफेत कायचं?"

मी सांगितलं. त्या माणसाचं, बाबा, ज्याने दिलं. थोडंफार उरलंय. तेही जाईल वर्ष-दोन वर्षांत, मग सगळं माझंच.

"नाव का त्याचं?"

"नाव कळत नाही. पाकिटावर नुसता नंबर असतो."

बाबा काही बोलले नाहीत. आईने ताटल्या मांडल्या. बाबांनी पेजेतला पहिला घास पळसाच्या पानावर काढून ठेवला, दरवर्षी नव्या धानाचा ठेवतात तसा, आणि जरा थांबून शेजारी अजून एक ठेवला.

"जिता असन का वो तो?" त्यांनी विचारलं.

"असेल," मी म्हणाले. "पुष्कळ जण जिवंतपणीच देतात, ऑपरेशनच्या वेळी."

"मंग जेवला असन," बाबा म्हणाले, आणि आम्ही जेवायला बसलो.